त्रुटीबाईंचा फॉर्म

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात बाईंना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. समोर त्या नुसत्या बाई, पाठीमागे त्रुटीबाई. नाव पोरांनी ठेवलेलं, पण खोटं म्हणता येणार नाही. कुठलाही फॉर्म घेऊन त्यांच्या खिडकीशी जा, त्या चष्मा नाकावर ओढणार, वरपासून खालपर्यंत बोट फिरवणार आणि टेबलाला दोऱ्याने बांधलेलं लाल पेन उचलणार. मग कोपऱ्यात एकच शब्द: त्रुटी. त्याच्याखाली कारणं. फोटो जुना. पत्ता अपुरा. सही चौकटीबाहेर. रडवेलं पोर असो की प्राचार्यांचा भाचा, सगळ्यांना एकच माप. मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. त्यातली पहिली दोन मला त्यांचा मनापासून राग यायचा, कारण मी रुजू झाले तेव्हा माझाही फॉर्म त्यांनी दोनदा परत केला होता.

ही हकीकत त्यांनी स्वतःचा फॉर्म भरला त्या वर्षाची आहे.

आमच्याकडे संध्याकाळी इटालियन भाषेचा वर्ग भरतो. दर उन्हाळ्यात त्यातल्या पंधराजणांना सहा आठवडे तिकडे शिकायला पाठवतात. सकाळी नऊ ते एक भाषा, दुपारी त्यांची चित्रं, इमारती, छापखाने, सुतारांच्या कार्यशाळा, आणि राहायचं तिथल्याच लोकांच्या घरी. याचं सगळं कागदी काम बाईंकडे. कोणाला कुठली खोली, कोणाला कसली अ‍ॅलर्जी, कोण झोपेत चालतं, सगळं त्यांच्या फायलीत. वर्गाची खोली ऑफिसला लागून, मधे प्लायवूडची भिंत आणि तीही छतापर्यंत न पोचलेली. वर्ग सुटून हजेरीपत्रक हातात आल्याशिवाय बाईंना कपाट बंद करता येत नसे. म्हणून रोज दीड तास त्या बसून राहायच्या, एकोणीस वर्षं. सुरुवातीला नाइलाज म्हणून ऐकलं, पुढे ऐकल्याशिवाय करमेना. फायलींवर नंबर टाकताना त्यांचे ओठ हलायचे. मला वाटायचं, बाई जप करतात.

चौदा वर्षांपूर्वी तिकडच्या एका घरमालकिणीचं रागाचं पत्र आलं. ही बाई पूर्वी कपडे शिवायची, आता दोन खोल्या विद्यार्थ्यांना देते. पोरं नळ नीट बंद करत नाहीत अशी तक्रार. पत्र विभागप्रमुखांच्या टेबलावर महिनाभर पडून राहिलं. शेवटी बाईंनी ग्रंथालयातून शब्दकोश आणला, चार ओळींचं उत्तर स्वतःच लिहिलं आणि सहीच्या फायलीत ठेवलं. प्रमुखांनी न वाचता सही ठोकली. तेव्हापासून तिकडे जाणारं प्रत्येक पत्र बाई लिहायच्या आणि नाव प्रमुखांचं व्हायचं. चार ओळींची दोन पानं झाली. घरमालकिणीच्या गुडघ्याचं दुखणं, सुनेचं बाळंतपण, नव्या पडद्यांचा रंग, सगळं त्यांना ठाऊक. तिकडे मात्र समज असा, की आमच्या प्रमुखांना पडद्यांची भारी हौस.

दर वर्षी निघायच्या आदल्या दिवशी बाई पंधराजणांना उभं करून सूचना द्यायच्या. शेवटची सूचना ठरलेली. "शिंपीणबाईंच्या घराचं दार जड आहे. दार आपल्याकडे ओढून धरायचं आणि किल्ली डावीकडे दोनदा फिरवायची. जोर करायचा नाही." हे सांगताना त्यांचा हात हवेत फिरायचा, डावीकडे, दोनदा. त्या दाराच्या आसपासही त्या कधी गेल्या नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेल्या जागेवर त्या वर्गात रीतसर प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर पोरं खुदुखुदु हसली. पहिल्या चाचणीनंतर हसू आटलं. दुसऱ्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेत सव्वीसजणांत बाई चौथ्या आल्या, आणि तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यांना अर्धा तास सोडलं नाही, कारण गप्पाच रंगल्या. पंधरात चौथा नंबर बसतो. कोणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नव्हता. फक्त पुढच्या उन्हाळ्याआधी त्या निवृत्त होणार होत्या आणि नोकरीबरोबर कर्मचाऱ्यांची जागाही जाणार होती. जायचं तर याच उन्हाळ्यात, नाहीतर कधीच नाही. सत्तावन्न वर्षांच्या बाईंनी फॉर्म भरला.

स्वतःचा फॉर्म स्वतः तपासायचा नाही, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. "नीट बघ हं. ओळखीचं माणूस म्हणून सोडू नकोस." मी बघितला. अक्षर मोत्यासारखं, फोटो त्याच आठवड्यातला. एका रकान्यात, 'आई, वडील किंवा पालक यांची सही' या ठिकाणी, त्यांनी लिहिलं होतं, 'लागू नाही'. मी मनात म्हटलं, बरोबरच आहे, आणि फॉर्म पुढे पाठवला. इथे आम्ही दोघींनीही माती खाल्ली.

कारण त्या फॉर्मच्या मागच्या बाजूला बाईंनीच बारा वर्षांपूर्वी छापून घेतलेला नियम आहे: एकही रकाना रिकामा ठेवू नये, 'लागू नाही' असे लिहू नये. त्याला कारण होतं. एका पोराने घरी भांडण झालं म्हणून पालकाच्या जागी 'लागू नाही' लिहिलं होतं, आणि तिकडे त्याला अपेंडिक्सचं दुखणं उठलं तेव्हा फोन कोणाला करायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून सही हवीच. तेवढ्यावरही बाई थांबायच्या नाहीत. प्रत्येक पालकाला स्वतः फोन लावून तीन प्रश्न विचारायच्या. तुमचं मूल कुठे जातंय माहीत आहे का, किती दिवस, आणि आजारी पडलं तर कोणाला कळवायचं.

तिसऱ्या दिवशी फॉर्म परत आला. कोपऱ्यात लाल शाईत: त्रुटी. अक्षर प्रमुखांचं, पेन मात्र बाईंच्याच टेबलावरचं. अख्खं ऑफिस पाण्याच्या पिंपापाशी गोळा झालं. इतकी तहान आमच्या ऑफिसला भर उन्हातही लागत नाही.

प्रमुख स्वतः आले. हसू दाबत म्हणाले, "बाई, मनावर घेऊ नका. पण नियम तुमचाच आहे."

"माझाच आहे," बाई म्हणाल्या. "चांगला आहे."

"शुक्रवारपर्यंत पूर्तता करा. मिस्टरांची सही आणा, झालं. नाहीतर..." त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू आलं. "खरं सांगू का, राहू द्या. या वयात पोरांच्या घोळक्यात शोभतं का ते? मी तिकडे गट घेऊन जाणार. मला किती अवघडल्यासारखं होईल."

"तुम्हाला का होईल?"

प्रमुख पिंपाकडे बघायला लागले. मला उत्तर माहीत होतं. तिकडे पोचल्यावर बाईंच्या देखत शिंपीणबाई पडद्यांबद्दल बोलायला लागली असती, आणि पडदा कोणावरचा सरकला असता ते सांगायला नको.

"शुक्रवारी देते," बाई म्हणाल्या. मग प्रमुखांच्या हातातलं आपलं पेन काढून घेतलं आणि दोरा परत टेबलाला बांधला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी त्यांनी घरची कथा सांगितली. त्यांचे यजमान निवृत्त. माणूस वाईट नाही, पण बसल्या जागी सगळं हातात यायची सवय. त्यांनी फॉर्म टीव्हीच्या उजेडात धरून वाचला आणि टीपॉयवर ठेवला. म्हणाले, "मी सही करणार नाही. तिकडे तुला काही झालं तर जबाबदारी माझी. आणि इथे माझ्या गोळ्या कोण देणार? लोक विचारतील, बायको कुठाय, तर सांगू काय, शाळेत गेलीय?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी म्हटलं, तुमच्याकडे सही मागितलीय कोणी? फॉर्म वाचा नीट. आई, वडील किंवा पालक. नवरा कुठे लिहिलाय? तुमची सही चालतच नाही. वाचायला दिला, म्हणून वाचा." बाईंनी चहाचा घोट घेतला. "तेव्हापासून गप्प आहेत. आपली सही चालत नाही याचंच जास्त लागलंय."

"पण बाई, मग करणार कोण?"

"वडील गेले मी एकोणीस वर्षांची असताना," त्या म्हणाल्या. "आई आहे."

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांना माझ्या स्कूटरवर घेऊन गेले. आई धाकट्या भावाकडे असते. तिसरा मजला, जिन्यात सायकली, दारात चपलांचा ढीग. आई खिडकीपाशी खुर्चीत बसलेली, वय ब्याऐंशी, अंगाने चिमणीएवढी, दोन्ही हात सारखे थरथरणारे. बाईंनी फॉर्म तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. कुठे जायचं, किती दिवस, कोणाकडे राहायचं.

भाऊ आतून शाईचा डबा घेऊन आला. "ताई, तिला आता सही जमत नाही. बँकेतसुद्धा अंगठाच चालतो. आई, अंगठा दे."

"अंगठा नको," आई म्हणाली. "तो डबा ने आत."

"अगं, हात बघ तुझा."

"माझाच हात आहे. रोज बघते." मग ती बाईंकडे वळली. "हाच का तो फॉर्म?"

"नाही आई. तो वेगळा होता."

मला काही कळेना. आईने माझ्याकडे बघून सांगितलं, अगदी सरळ, कालची गोष्ट सांगावी तसं. "हिचा नंबर लागला होता. दुसऱ्या गावी, भाषेची मास्तरीण व्हायचं शिक्षण. वसतिगृहात खोलीपण मिळाली होती. फॉर्मवर माझी सही हवी होती. हिचे वडील जाऊन तीन महिने झाले होते, पदरात दोन लहान पोरं. शाळेचा माणूस घरी आला, तर मी त्याला म्हटलं, मला सही येत नाही. मला येत होती. हिनेच शिकवली होती. ही तिथेच उभी होती, पण माझं खोटं हिने उघडं पाडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात नोकरी धरली."

भाऊ खाली बघत होता. त्या दोन लहान पोरांतला एक तो. बाई म्हणाल्या, "जाऊ दे आई, जुनं झालं."

"तुझं झालं असेल. पेन दे."

बाईंनी पेन दिलं आणि सवयीने तिचा हात धरायला गेल्या. आईने हात झटकला. "धरू नकोस. मग ती तुझी सही होईल."

तिला सहा-सात मिनिटं लागली. एकेक अक्षर काढायचं, थांबायचं, दम घ्यायचा. मधेच पेन घसरलं आणि एक रेघ पार शेजारच्या रकान्यात गेली. नाव अर्धं चौकटीत, अर्धं बाहेर. चौकटीबाहेर गेलेली सही बाईंनी जन्मात चालवून घेतली नव्हती. या सहीकडे त्यांनी बघितलं आणि फॉर्म घडी न घालता फायलीत ठेवला. आई त्यांना म्हणाली, "आता कोणी नाही म्हटलं तर मला सांग."

जिन्यात बाई दुसऱ्या मजल्यावर थांबल्या आणि एका सायकलीचं हँडल धरून रडल्या. मी कुलपाची किल्ली शोधायचं सोंग केलं. स्कूटरला कुलूप लावलेलंच नव्हतं.

शुक्रवारी अकरा वाजता प्रमुख खिडकीशी आले आणि बाईंनी फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. प्रमुखांनी तो जवळ घेतला, लांब धरला. "ही कोणाची सही?"

"आईची."

"आईची? बाई, तुमच्या आईंचं वय काय?"

"ब्याऐंशी. फॉर्ममध्ये माझं वय विचारलंय, आईचं नाही."

पिंपापाशी परत गर्दी झाली. प्रमुखांनी बोट ठेवलं. "सही चौकटीबाहेर आहे. वाचताही येत नाही. हे तुम्ही दुसऱ्या कोणाचं चालवून घेतलं असतं का?"

मला वाटलं, संपलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंनी चष्मा नाकावर ओढला. "चालवून घेतलं नसतं," त्या म्हणाल्या. "त्रुटी लिहिली असती. मग मागचं पान उलटलं असतं. नियम सातवा. सही अस्पष्ट असल्यास पालकांशी फोनवर खातरजमा करून तसा शेरा मारावा. मागच्या तीन वर्षांत सात फॉर्म असेच गेलेत, फाईल काढून देते. नंबर लिहिलेला आहे. लावा फोन."

प्रमुख म्हणाले, "मी?"

"मी लावू शकत नाही. माझा फॉर्म आहे."

शेवटी मी लावला, स्पीकरवर. भावाने उचलला आणि आईच्या हातात दिला. पलीकडे फोन हातात थरथरत असावा, कारण तिच्या बांगडीचा आवाज येत होता. मी बाईंचे ते तीन प्रश्न विचारायला घेतले. ते मला पाठ होते, तरी कागद समोर धरला.

"तुमची मुलगी कुठे जातेय, माहीत आहे का?"

"माहीत आहे. शिकायला."

"किती दिवस?"

"सहा आठवडे. आधीच अडतीस वर्षं उशीर झालाय, आणखी करू नका."

पिंपापाशी कोणीतरी हातातला पेला खाली ठेवला. मी तिसरा प्रश्न विचारला. "त्या तिकडे आजारी पडल्या, तर कोणाला कळवायचं?"

"मला," आई म्हणाली. "पण परत पाठवू नका. औषध तिथेच द्या. ती सांगेल, मला बरं नाही, जाते घरी. ऐकू नका तिचं. फार समजूतदार आहे ती, लहानपणापासून. तिच्या समजूतदारपणाचा मीच एकदा फायदा घेतलाय. तुम्ही घेऊ नका."

मी बाईंकडे बघितलं नाही. प्रमुखांकडे बघितलं. त्यांनी खिसे चाचपले, त्यांच्याकडे पेन नव्हतं. बाईंनी आपलं लाल पेन पुढे केलं, दोऱ्यासकट. दोरा पुरेना, म्हणून प्रमुखांना खिडकीतून आत वाकावं लागलं. वाकूनच त्यांनी शेरा लिहिला: पालकांशी बोलणे झाले, पूर्तता झाली.

"तारीख," बाई म्हणाल्या.

त्यांनी तारीख घातली.

बाई गेल्या. यजमान स्टेशनवर बॅग धरायला आले, आणि गोळ्यांचं वेळापत्रक भिंतीवर डकवलंय का, हे त्यांनी तीनदा विचारलं. प्रमुखांनी त्या वर्षी तब्येतीचं कारण सांगून गट दुसऱ्या प्राध्यापकांच्या हवाली केला.

चौथ्या आठवड्यात ऑफिसच्या पत्त्यावर बाईंचं एक कार्ड आलं. एका बाजूला दगडी गल्लीचं चित्र. दुसऱ्या बाजूला तेच मोत्यासारखं अक्षर, मायना नाही, खुशाली नाही. मी ते आवक नोंदवहीत चढवलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं.

"किल्ली डावीकडे दोनदा नव्हे, तीनदा फिरवावी लागते. तिसऱ्या वेळी दार आपल्याकडे ओढायचे नाही, खांद्याने ढकलायचे. चौदा वर्षे आपण विद्यार्थ्यांना चुकीचे सांगत आलो आणि एकानेही कळवले नाही. मी स्वतः उघडून पाहिले आहे. सूचनापत्रकात दुरुस्ती करावी. मधे दोन दिवस ताप होता. नियमाप्रमाणे पालकांना कळवले. पालक म्हणाले, गोळी घे आणि वर्गाला जा. गेले."